केळवलीच्या मागची टक्कर

मला खुर्ची हवी होती. पगार, मान, बढती वगैरे सगळं नंतर; आधी खुर्ची. कर्जतजवळच्या एका कॉलेजात मी शिपाई होते आणि शिपायाला स्टूल असतं. स्टुलाला पाठ नसते, आणि त्यावर बसलेलं दिसलं की कुणाला तरी हमखास पाणी हवं असतं. संध्याकाळी माझे पाय असे सुजायचे की चपलेचे पट्टे रुतून वळ उठायचे. ऑफिसातले जुने क्लार्क निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघून हळहळले. मी त्यांच्या खुर्चीकडे बघत होते. हात असलेली, उशी घातलेली, जरा डावीकडे कललेली ती खुर्ची. कलली तर कलली, मी उजवीकडे भार देऊन बसले असते.

बी. ए. मी बाहेरून केलं होतं. संस्थेच्या नियमाप्रमाणे शिपायाला क्लार्क करता येत होतं. पण प्राचार्यांनी फाटा फोडला. "मावशी, क्लार्क म्हणजे आकडेमोड. तुमचं दहावीचं गणित बघितलं मी." बघितलं म्हणजे काय, मीच ती गुणपत्रिका त्यांच्या टेबलावर चहाबरोबर नेऊन ठेवली होती. गणितात मी काठावर सुटले होते, तेही बोर्डाला माझी दया आली म्हणून. प्राचार्य म्हणाले, "आपण पहिल्या वर्षाच्या कच्च्या मुलांसाठी उजळणीचा वर्ग काढतोय. बेरीज-वजाबाकीपासून समीकरणांपर्यंत. त्यात बसा, पास व्हा, खुर्ची तुमची."

वर्गाचं सरकारी नाव होतं 'उपचारात्मक गणित'. फाटकावर तशी पाटी मीच बांधली. पहिल्याच दिवशी दोन बायका गुडघेदुखीसाठी चौकशी करून गेल्या.

माझी अडचण अशी की मी कॉलेजात एकाच वेळी दोन ठिकाणी होते. वर्ग उघडायचा मी, फळा पुसायचा मी, आणि मग तिसऱ्या बाकावर जाऊन बसायचंही मीच. उशिरा येणाऱ्याला प्राचार्यांची सही आणावी लागे. मला उशीर व्हायचा तो प्राचार्यांना चहा देण्यामुळे. सही घ्यायला गेले की ते दुसरा चहा सांगत. गणिताचे सर शिकवता शिकवता म्हणत, "मावशी, खडू आणा," आणि मी उठून दारापर्यंत गेले की म्हणत, "थांबा, आधी सांगा, उणे गुणिले उणे किती?" शेवटी प्राचार्यांनी लेखी आदेशच काढला, की वर्गाच्या आत त्या विद्यार्थिनी समजाव्यात, वर्गाबाहेर शिपाई, आणि दारात उभ्या असल्यास परिस्थितीनुसार. या 'परिस्थितीनुसार'मुळे मी दारातून नेहमी पळत जायची.

सर सोलापूरकडचे, पोरगेलेसे, तासिका तत्त्वावर लागलेले. कुणाला 'अरे' म्हणतानाही त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. मुलांना गणित येत नाही ते पुस्तकातली उदाहरणं परकी असतात म्हणून, असा त्यांचा पक्का समज होता. म्हणून ते अपूर्णांक भाकरीत शिकवत आणि शेकडेवारी भाताच्या पिकात. मुलं कर्जतची, खोपोलीची, मधल्या गावांची. एक मोहोपाड्याचा मोटारसायकलवरून यायचा. सगळी अठरा-एकोणीस वर्षांची, मला मावशी म्हणणारी, आणि भाकरीचे तुकडे झाले की भूक लागणारी. माझ्या पुढच्या बाकावर केळवलीची एक मुलगी बसायची. तेल लावून घट्ट दोन वेण्या, आणि मनात आलेलं तोंडातून यायला मध्ये कुठे थांबा नाही.

एकदा सरांनी टाकीचं उदाहरण घातलं. एका टाकीला दोन नळ आहेत, वरचा टाकी भरतो, खालचा रिकामी करतो, दोन्ही चालू आहेत, तर टाकी कधी भरेल? कॉलेजच्या टाकीची किल्ली माझ्या कमरेला होती. मी तशीच उठून गच्चीवर गेले. खालचा नळ बंद होता, तरी पुन्हा आवळला. परत आले तोवर सरांनी फळा पुसला होता. ते उदाहरण मला आजतागायत येत नाही, आणि ज्याने खालचा नळ उघडा ठेवला त्याला कुणी जाब विचारला की नाही हेही कळलं नाही.

मग आल्या गाड्या.

सरांनी फळ्यावर आडवी रेघ मारली. एका टोकाला 'कर्जत' लिहिलं, दुसऱ्या टोकाला 'खोपोली'. आमच्याकडे बघून हसले सुद्धा, की बघा, तुमचंच गाव घेतलंय. "समजा, अंतर पंधरा किलोमीटर. कर्जतहून एक गाडी खोपोलीकडे निघाली, वेग ताशी छत्तीस. त्याच वेळी खोपोलीहून दुसरी कर्जतकडे निघाली, वेग ताशी चोवीस. तर त्या एकमेकींना कधी भेटतील?"

सगळ्या वर्गाने लिहायचं थांबवून फळ्याकडे बघितलं.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांना सांगायला हवं. पळसदरीच्या पुढे खोपोलीपर्यंत रूळ एकच आहे. गाडी जाते, पोचते, मग तिकडची सुटते. आमच्याकडे लहान पोराला बोलता येण्याआधी हे येतं. लग्नाची वरात असो, दवाखान्याची घाई असो, तिकडची आल्याशिवाय इकडची सुटत नाही. हे सगळे मुकाट मान्य करतात. आणि हा सोलापूरचा भला माणूस हातात खडू घेऊन दोन भरलेल्या गाड्या समोरासमोर सोडत होता.

"सर," केळवलीची उभी राहिली, "भेटल्या तर मरतील की मानसं."

"गणितात कुणी मरत नाही."

"पन गाडीत तर बसलेत ना."

"गाड्या रिकाम्या आहेत असं समजा."

"मोटरमन तरी आसंलच," मागून कोणीतरी म्हणालं. "त्याची बायको-पोरं हायत."

सर चिडले नाहीत. एकच रूळ आहे हे त्यांना माहीत नव्हतं; ते कर्जतलाच खोली घेऊन राहत आणि गावाला जायचं तर एसटीने जात. त्यांनी खोपोली पुसून पनवेल लिहिलं. पोरं म्हणाली, तिकडंबी एकच व्हता, दुसऱ्याचं काम चाललंय, अजून भरवसा नाय. सरांनी पनवेल पुसून लोणावळा लिहिलं. आता घाटात गाडी चढवायची तर कर्जतला मागे इंजिनं जोडतात, त्याला वेळ लागतो. तो वेळ धरायचा का, असं पोरांनी विचारलं. धरायचा नाही म्हटल्यावर एकजण म्हणाला, "मंग चढंल कशी?" सरांनी कल्याण लिहिलं. तिकडे रूळ भरपूर. पण केळवलीच्या मुलीने विचारलं, "वार कोनता धरलाय सर? रविवारी मेगाब्लॉक आसतो."

शेवटी सरांनी गाड्याच रद्द केल्या. "दोन माणसं घ्या. पायी. समोरासमोर चालत येतायत."

"वळखीची हायत का?"

"त्याने काय फरक पडतो?"

"वळखीची आसली तर लांबनंच हाक मारतील, थांबतील. आनि भावकीतली आसली तर मधल्या वाटनंच वळतील. भेटनारच नाय."

सरांनी हात टेकले. मग त्यांना जरा रागच आला असावा, कारण त्यांनी पुन्हा कर्जत आणि खोपोली लिहिलं आणि एकही शब्द न बोलता गणित सोडवून टाकलं. दोन्ही वेगांची बेरीज साठ. पंधरा किलोमीटरला पंधरा मिनिटं. कर्जतची गाडी तेवढ्यात नऊ किलोमीटर जाणार. त्यांनी रेघेवर नवव्या किलोमीटरपाशी फुली मारली.

केळवलीच्या मुलीने बोटांवर काहीतरी मोजलं आणि ती पांढरी पडली. "नऊ म्हंजे आमच्या घरामागं."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. टेंपो फाटकाबाहेर लावून, टोपी हातात घेऊन. मीच त्यांना आत नेलं, पाणी दिलं, आणि दारातच रेंगाळले. परिस्थितीच तशी होती. ते प्राचार्यांना म्हणाले, "सायेब, कॉलेजनं आमच्या मागं गाड्या ठोकायचं ठरवलंय, आसं पोरगी म्हनतीय. माझा काय गनिताला विरोध नाय. पन आमी म्हस तिकडंच बांधतो."

कुणी शहाणा माणूस हसला असता. पण आमच्या प्राचार्यांना हसू येत नसे, त्यांना तक्रारी येत. संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत काही जाऊ नये याच्यावर त्यांचं सगळं आयुष्य बेतलेलं. शिवाय ते गाडीने म्हणजे स्वतःच्या मोटारीने येत. रूळ एक की दोन हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. "स्थानिकांच्या भावना लक्षात घ्या. टक्कर जरा पुढे सरकवा."

सरांनी एकदा प्राचार्यांकडे पाहिलं, एकदा त्या वडिलांकडे. "सरकवतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. मला वाटलं हा मुलगा आता राजीनामा देणार.

त्याने राजीनामा दिला नाही. तो वर्गात आला आणि म्हणाला, "टक्कर केळवलीला नको ना? मग कुठे हवी सांगा. तिथे व्हायची तर खोपोलीच्या गाडीचा वेग किती पाहिजे? वेग माहीत नाही. तो क्ष."

क्ष आमच्या आयुष्यात आधीही आला होता. पण तो आला काय, गेला काय, कुणाचं काही अडत नव्हतं. आता अडलं. केळवलीची मुलगी बाही सरसावून बसली. तिने टक्कर पुढे लौजीला ढकलली. लौजी कर्जतपासून बारा धरली, म्हणजे कर्जतच्या गाडीला वीस मिनिटं. तेवढ्या वेळात खोपोलीच्या गाडीने फक्त तीन किलोमीटर यायचं. क्ष बरोबर नऊ. ताशी नऊ म्हणजे सायकलसुद्धा पुढे जाईल, पण पोरीने आपलं घर वाचवलं. झालं. लौजीचा एक मुलगा तोवर कधी वहीसुद्धा आणत नसे. त्याने शेजाऱ्याकडून कागद मागून घेतला आणि पुढच्या पाच मिनिटांत टक्कर अलीकडच्या डोळवलीला आणून ठेवली. डोळवलीकराने ती परत लौजीला पाठवली. मोहोपाड्याच्या मुलाच्या गावाला या रुळाचा काही संबंध नव्हता, पण भांडण चाललंय म्हटल्यावर तो गप्प बसेना. त्याने ती खोपोलीत शिळफाट्याच्या बाजारापर्यंत नेली. तिथे रूळ आहे का, हे कुणी विचारलं नाही.

ज्यांना अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश वाटत होतं, ती पोरं समीकरणं मांडत होती. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं, हे सरांनी महिनाभर घसा फोडून सांगितलं होतं. आता शेजारचं गाव लबाडी करतंय का बघायला पोरं एकमेकांची चिन्हं तपासत होती. एकाने कर्जतच्या गाडीचा वेग शून्य घेतला. म्हणाला, ती उभीच राहूदे, खोपोलीची इकडं आली की भेटल्या. सरांनी त्याला मिठीच मारली.

आणि मी? माझी नणंद लौजीला दिली आहे. कुठल्याही लग्नात, बारशात ती चार बायकांना ऐकू जाईल असं सांगते, "आमच्या वैनी कॉलेजात आस्तात. पानी देयाला." मी पदर खोचला, क्ष मांडला आणि टक्कर लौजीला नेली. नऊ आलं. पुन्हा केलं, पुन्हा नऊ. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचं बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तास संपायच्या आधीच उठून घंटा वाजवली आणि सगळं कॉलेज सुटलं. प्राचार्यांनी बोलावून झापलं. मी मान खाली घालून उभी होते आणि मनात म्हणत होते, क्ष बरोबर नऊ.

परीक्षेचा पेपर प्राचार्यांनी स्वतः काढला. प्रश्नांना स्थानिक संदर्भ हवा, असं त्यांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं. वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात, माझं फडकं पोचत नव्हतं तिथे, सरांचं पहिलं गणित तसंच राहिलं होतं; त्यांनी तेच उचललं, छत्तीस आणि चोवीस. ते गणित कुठे जाऊन पोचतं हे सोडवून बघण्याची त्यांना गरज वाटली नाही. परीक्षेच्या दिवशी मी बाकं लावली, नंबर चिकटवले, पाण्याचा जार भरला. पेपरच्या सीलबंद पाकिटाला मात्र मी हात लावायचा नव्हता, कारण मी परीक्षार्थी. म्हणून प्राचार्य स्वतः पाकीट घेऊन पुढे आणि मी जार घेऊन मागे, अशी आमची मिरवणूक हॉलमध्ये शिरली. घंटाही मी वाजवायची नाही, म्हणून तीही त्यांनीच वाजवली. देवळात वाजवतात तशी, डोळे मिटून.

गाड्यांचा प्रश्न शेवटचा होता आणि त्याला गुण भरपूर होते. बाकीचं मी बरं केलं होतं. टाकी सोडून दिली. गाड्यांचं वाचलं आणि मला हसू आलं, हे तर पाठच होतं. पंधरा मिनिटं. नऊ किलोमीटर. पंधरा लिहिलं आणि समोर बघितलं. पुढच्या बाकावर दोन वेण्या. मान खाली घालून पोरगी लिहीत होती. तिचं लिहिणं एकदम थांबलं. तिने वळून माझ्याकडे बघितलं. परीक्षेत वळायचं नसतं, पण ती बघत राहिली. तिच्या वडिलांचं टोपी हातात घेऊन उभं राहणं मला आठवलं. मला पुढे नाही लिहवलं. तुम्ही म्हणाल, कागदावरचं गणित ते. मलाही ते माहीत होतं. तरी मी पंधरा खोडलं आणि लिहिलं, 'कर्जतची गाडी पळसदरीला थांबवून ठेवली आहे. खोपोलीची सुखरूप आल्यावर सोडण्यात येईल.' खाली तिला किती वेळ थांबावं लागेल त्याचा हिशोब अगदी व्यवस्थित, रीतसर करून दिला.

सगळ्यांनी असंच काहीतरी करून ठेवलं होतं. पेपर तपासताना सरांना उत्तरावरून कळत होतं की लिहिणारा कुठल्या गावचा. डोळवलीकराने 'डोळवलीला दुसरा रूळ टाकला आहे असे समजा' म्हणून सुरुवात केली होती. मोहोपाड्याच्या मुलाने दोन्ही गाड्या थांबवून प्रवाशांना टेंपोने पोचवलं होतं आणि टेंपोचा वेग क्ष मानला होता. केळवलीच्या मुलीने एवढंच लिहिलं होतं, 'या प्रश्नाबद्दल वडील येऊन गेले आहेत.'

प्रश्नाचे गुण कुणालाच मिळाले नाहीत. सरांनी द्यायचा प्रयत्न केला. प्राचार्य म्हणाले, "गाड्या भेटायलाच पाहिजेत, पेपर मी काढलाय." बाकीची पोरं दुसऱ्या प्रश्नांवर तरून गेली. मी टाकी सोडली होती. मी बुडाले.

त्या आठवड्यात संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा तात्पुरता क्लार्क म्हणून ऑफिसात आला. पांढरा शर्ट, कानात ते बिनतारेचं यंत्र. तो जुन्या क्लार्कच्या खुर्चीत बसला, गोल फिरला, आणि म्हणाला, "ही डावीकडे कलते. बदलायला लागेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाणी." मी दिलं. बाहेर येऊन जिन्याखाली झाडू ठेवतात तिथे उभी राहिले. मला त्याचा राग आला नाही. त्या दोन गाड्यांचा आला. एकदा ठोकल्या असत्या तर काय गेलं असतं?

सरांनीच धावपळ करून माझ्यासाठी तोंडी परीक्षा मागून घेतली. बाहेरचे परीक्षक येतील, तोच एक प्रश्न विचारतील, बरोबर आलं तर पास आणि खुर्ची माझी, असं ठरलं. सर मला म्हणाले, "मावशी, तुम्हाला येतं. मला माहितीये तुम्हाला येतं. फक्त कुठलीही गाडी थांबवू नका." एवढं हात जोडून कुणी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

तोंडीच्या दिवशी परीक्षक आलेच नाहीत. म्हणजे वेळेवर आले नाहीत. प्राचार्य घड्याळ बघत होते, सर नखं खात होते. व्हरांड्यात सगळा वर्ग जमला होता, केळवलीची मुलगी सगळ्यांत पुढे. शेवटी परीक्षक आले. खोपोलीचे वयस्क गृहस्थ, घामाघूम, हातात पिशवी. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "माफ करा. खोपोलीला गाडीत बसून राहिलो. इकडची पोचल्याशिवाय तिकडची सोडत नाहीत ना. एकच रूळ आहे, काय करणार." मी त्यांना पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायले, थँक्यू म्हणाले. मी ग्लास घेऊन बाहेर गेले, ग्लास ठेवला, हात पुसले आणि परीक्षार्थी म्हणून पुन्हा आत आले. त्यांनी मला नव्याने नमस्कार केला.

मग त्यांनी कागद उघडला आणि चष्मा लावून वाचलं, "कर्जतहून एक गाडी खोपोलीकडे निघाली. त्याच वेळी खोपोलीहून दुसरी निघाली."

वाचताना त्यांचा आवाज जराही अडखळला नाही. मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते, ओठ घट्ट मिटून. खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळली होती. माझ्या जिभेवर पळसदरी आली होती, अगदी टोकावर. बोलले असते तर परीक्षक हसले असते, कदाचित 'अरे खरंच की' म्हणाले असते, आणि मग प्राचार्यांनी विचारलं असतं, उत्तराचं काय. मला खुर्ची हवी होती. मला तिच्यात संध्याकाळपर्यंत बसायचं होतं.

"पंधरा मिनिटांनी सर," मी म्हणाले. "कर्जतपासून नऊ किलोमीटरवर."

"रीत?"

मी रीत सांगितली. वेगांची बेरीज, अंतराला भागिले, मग कर्जतच्या गाडीचा वेग गुणिले वेळ. कुठे अडले नाही. परीक्षकांनी मान डोलावली, गुण भरले, सही केली. प्राचार्यांनी त्याखाली सही केली. सरांनी छतावरून नजर खाली आणली तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

पिशवी उचलताना परीक्षकांनी विचारलं, "खोपोलीला परत जायला आता गाडी कधी आहे हो?"

"तिकडची आली की सुटंल, सर," मी म्हणाले.

"हो, ते आहेच," ते म्हणाले आणि निघाले.

मी बाहेर आले. पोरं खिडकीवरून उतरली होती. केळवलीची मुलगी खांबाला टेकून उभी होती, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"भेटवल्यात?" तिने विचारलं.

"भेटवल्या."

"आमच्या मागंच?"

"तुमच्या मागंच गं."

तिने वेणीचं टोक सोडलं. मग अगदी हळू म्हणाली, "किती मेले?"

"कोनी नाय मेलं," मी म्हणाले. "मी क्लार्क झाले."

तिने विचार केला. गणिताच्या तासाला करायची तसाच, भुवया जवळ आणून. "मंग चालंल," ती म्हणाली. आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. मी तिथेच व्हरांड्यात खाली बसून रडले, आणि ती पोरगी माझ्या शेजारी बसून राहिली.